माझं मरणाचं चीज

ग्रुबमाट, वालिसचे डोंगर
८ एप्रिल १८९४

थिओडूल,

विसरला असशील म्हणून आधी ओळख करून देते. मी क्रेसेन्झ. तुझ्या बापाची आई. उंची बेताची, नाक चिमणीएवढं, एका कानाने कमी ऐकू येतं पण हवं ते सगळं ऐकू येतं. चौदा वर्षांपूर्वी तू या घरातून पाय आपटत गेलास तेव्हा मी दारात उभी होते. अजून तिथेच आहे, मधून मधून जेवायला तेवढी आत जाते.

दर नाताळला तुझं एक पत्र यायचं. या नाताळला आलं नाही. मला वाटलं, अर्जेंटिनात नाताळ बंद झाला असेल.

मग पत्र आलं. पण मला नाही, इग्नाझला! ते घेऊन तो माझ्या दारात आला तेव्हा मला खोटं वाटलं.

"काकी, थिओडूलचं पत्र आहे."

"मग वाच की."

"तुम्हाला नाही. मला आहे. गावाचा अध्यक्ष म्हणून."

"तुला? तुला तर तो शिवीसुद्धा फुकट देणार नाही."

पण वाचलं बिचाऱ्याने. तू लिहितोस की ग्रुबमाटमधला तुझा सगळा हक्क तू सोडतोस. पाटाच्या पाण्याची पाळी, वरच्या कुरणातली आपल्या गायींची जागा, जंगलातलं लाकूड, सगळं. माझ्यामागे गावाने घराचं काय हवं ते करावं, आणि आजीला बोटीत बसवून द्यावं. बोटीत! मी खालच्या गावातल्या पुलावर उभी राहिले तरी मला गरगरतं.

हे पत्र व्हेरोनिका लिहिते आहे, आपल्या पाद्रीबाबांची बहीण. अक्षर मोत्यासारखं, पण मी बोलते ते सगळं लिहीत नाही. इग्नाझबद्दल आत्ता मी जे म्हणाले ते तिने लिहिलं का ते बघ.

(आजी जे म्हणाल्या ते लिहिण्याजोगं नव्हतं. – व्हे.)

तर ऐक. कुरणावरून गायी खाली आल्या की सेंट मायकेलच्या दिवशी गावसभा भरते, तेवढं तरी आठवत असेल. तिथे तुझं पत्र मोठ्याने वाचलं जाईल, हात वर होतील, आणि झालं. सोडलेला हक्क गाव परत देत नाही. मी मेले की आपली चूल बंद, घरात कोणाचा तरी चारा भरणार. आणि पत्र कुणाच्या खिशात, तर इग्नाझच्या, ज्याच्या गायींना कुरणावर उभं राहायला जागा पुरत नाही. मांजराला दुधाच्या किटलीवर राखणीला बसवलंस तू.

तुझं म्हणणं मला माहीत आहे. ज्या पाटाने बाप खाल्ला त्याचं पाणी मला नको. अरे, मोरित्स तुझा बाप होता तसा माझा मुलगा होता. कड्यावर पाटाच्या फळ्या दुरुस्त करायला दोरावर कोण लटकणार यासाठी टोपीत घरोघरच्या खुणेच्या खुंट्या टाकतात, त्यात आपल्या घराची निघाली आणि मोरित्स कड्यावरून पडला. तू म्हणालास, इग्नाझने स्वतःची खुंटी मुठीत लपवली. तू पाहिलंस का? नाही. मी पाहिलं का? मीही नाही. आणि मग मोरित्सच्या मयताच्या जेवणाला इग्नाझने त्याचं चीज कापून तुझ्या पुढ्यात ठेवलं, तेव्हा अख्ख्या गावासमोर तू ताटली ढकललीस. बापाचं मरणाचं चीज! माणूस लग्नाच्या उन्हाळ्यात ते तळघरात ठेवतो, ते सगळ्यांनी मिळून खाल्लं की मग तो नीट जातो. पोटच्या पोराने खाल्लं नाही तर तो जाणार कसा?

तुझा तुकडा मी तळघरात ठेवलाय. दगड झालाय त्याचा. असू दे.

सेंट मायकेलच्या आत पत्र मागे घे. दोन ओळी पुरतील. बोट पाठवू नकोस.

तुझी आजी
(खाली आपल्या घराची खूण, कावळ्याचा पाय. मी स्वतः काढलाय. व्हेरोनिका म्हणते कोंबडीचा दिसतो.)

&nbsp;

ग्रुबमाट
३ जून १८९४

थिओडूल,

तुझं उत्तर नाही. टपाल हळू चालतं की तू?

इकडचं सांगते. बर्फ उशिरा वितळलं, तरी पाट सुरू झाला. हातोडा पुन्हा वाजायला लागला. आठवतो का तो आवाज? पाट गावात शिरतो तिथे पाण्यावर फिरणारं चाक आणि फळीवर आपटणारा लाकडी हातोडा, ठक्, ठक्, दिवसरात्र. वाजतोय तोवर पाणी येतंय. तू पाळण्यात असताना हातोडा थांबला की रडायचास, सुरू झाला की झोपायचास. आता तिकडे कशाच्या आवाजाने झोपतोस?

खालच्या गावात हॉटेल उघडलंय. परदेशी लोक दोऱ्या बांधून डोंगर चढतात, वर काहीही नसताना. आपली पोरं त्यांची ओझी वाहतात, पोरी त्यांच्या चादरी धुतात. खालचे म्हणतात, तुम्ही मूठभर घरं वेगळं गाव कशाला मांडून बसलाय, या आमच्यात. आमच्यात म्हणजे तुमचं कुरण आमच्यात. पाण्यावरून भांडूनच आपले पूर्वज त्यांच्यातून वर आले, वेगळी घंटा टांगली. आता एकेक चूल कमी झाली की ते खालून मोजतात.

इग्नाझला परवा पाणवठ्यावर गाठलं. म्हटलं, "पत्र कुठाय?"

"खिशात."

"धुवायला टाकलास का डगला?"

"नाही काकी."

"मग टाक एकदा. नीट भिजू दे."

हसला नाही. "मी अध्यक्ष आहे," म्हणाला. "आलेलं पत्र वाचावं लागतं."

बघ, म्हणजे वाचणार. जोसेफा, त्याची बायको, बाजूलाच चादर पिळत होती. ती आकाशाकडे बघून म्हणाली, "घर असं रिकामं पडलेलं बरं नाही, नाही का?" मी म्हटलं, "रिकामं कुठाय? मी आहे ना. जाडी नाही, पण आहे."

तुझी आजी, अजून जिवंत

&nbsp;

ग्रुबमाट
१५ जुलै १८९४

थिओडूल,

बसलास का? बस. खुर्ची नसेल तर गायीला टेकून बस.

मी मेले होते. म्हणजे गावाच्या मते. घंटा वाजली, चर्चमध्ये माझ्या नावाने प्रार्थनेचा मिसा झाला, आणि माझं मरणाचं चीज खाऊन संपलं. एवढं सगळं माझ्यावाचून झालं.

दूधमापणीचा दिवस होता. गाव रिकामं. प्रत्येकाला कुरणावर जाऊन आपली गाय सगळ्यांसमक्ष पिळायची असते, जितकं माप तितकंच शरद ऋतूत चीज, तेव्हा कोण घरी राहणार? पाटकरीसुद्धा पाट सोडून वर गेला, त्याच्या गायीचं माप चुकेल म्हणून. माझी एकुलती गाय जोसेफा पिळणार होती. मी दारात वाटाणे सोलत बसले होते आणि हातोडा थांबला.

नुसतं पाणी थांबलं तर शेत एक दिवस तग धरेल. पण वर कुठेतरी तुंबलं की पाणी बाहेर फुटतं आणि कड्यावरच्या फळ्या उखडून नेतं. मग पुन्हा टोपी, पुन्हा खुंट्या, पुन्हा कुणाचा तरी मुलगा दोरावर. मी काठी घेतली आणि निघाले. दार उघडं टाकलं, चूल विझलेली.

मोरित्स गेल्यापासून मी त्या कड्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. फळीला पाठ लावून, दगडाला धरून, बाळासारखी सरकत गेले. त्या जागी पोचले. थांबले थोडी.

व्हेरोनिका, नाक पूस आणि पुढे लिही.

तिथली तुळई नवी होती. लार्चचं लाकूड, पाचरी ठोकलेल्या, एक फट नाही. जो दुरुस्त करतो त्याने आपल्या घराची खूण तुळईवर कोरायची, हा नियम. मी वाकून बघितलं, तर कावळ्याचा पाय. आपला! शेजारी जुन्या तुळईवर, त्याच्या शेजारीही तोच, पावसाने काळा पडलेला. आपल्या घरात कामाला माणूस कोण? मी समजत होते की म्हातारीला गावाने माफी दिलीय. मग हे कोरलं कुणी?

विचार करायला तिथे जागा नव्हती. पुढे ओढ्यातून पाटात पाणी शिरतं तिथे फांद्या आणि एक मेलेला कोल्हा अडकला होता. काठीने ढोसून काढला, पाणी खळखळून सुटलं. त्या गडबडीत डोक्याचा रुमाल वाहून गेला. परत फिरले, तर तुंबलेल्या पाण्याने माझ्या मागची चालायची वाट तोडलेली. चार हात नुसती हवा. पाटाची तुळई शाबूत, पण तिच्यावरून सरकायचं वय माझं नाही.

तेव्हा वरच्या जंगलातून कुरणाकडे निघाले. पाय मुरगळला, काळोख झाला, पोचले तेव्हा गावचे सगळे दुसऱ्या वाटेने खाली गेलेले. कुरणावरचा चीजवाला दाढी खाजवत म्हणाला, "आजी, तुम्ही मापणीला उशिरा आलात." चीजाच्या कोमट निवळीत कापड बुडवून पायाला गुंडाळलं त्याने. पण तो गायी आणि दूध सोडून निरोप द्यायला जाणार कसा? मीठ घेऊन येणारं खेचर येईपर्यंत मी तिथे पडून राहिले.

इकडे काय झालं असेल ते तुला सांगायला नको. चिमणीतून धूर नाही, दार उघडं, वाटाणे अर्धे सोललेले, वाट तुटलेली, आणि हातोड्याच्या चाकात अडकून गरगर फिरणारा माझा रुमाल. दरीत दोर सोडून शोधलं म्हणे. सापडणार कशी?

तिसऱ्या दिवशी मी खेचरावर बसून गावात शिरले तर गल्लीत चिटपाखरू नाही. माझ्याच घरातून मात्र बोलण्याचा आवाज आणि वास. असा वास थिओडूल, की मी लगेच ओळखला. लग्नाच्या उन्हाळ्यात मी स्वतः दाबलेलं चीज! तुझ्या बापापेक्षा जुनं. इग्नाझने ते कुऱ्हाडीने फोडलं म्हणे, सुरीला दाद देईना.

मी खिडकीशी खेचर थांबवलं. कुणाला नको वाटेल सांग, आपल्या माघारी काय बोलतात ते ऐकायला?

जोसेफा रडत होती आणि खात होती. "बाई वाईट नव्हती हो. तोंड तेवढं वाईट होतं."

"आता सभेत खालच्यांशी भांडायला कोण?" पाटकरी म्हणाला. "त्या तोंडाला घाबरून तर ते वर येत नव्हते."

मग कुणीतरी म्हणालं, "या घराचं काय करायचं? वारस तर गेल्यातच जमा." ताटल्यांवरचे हात थांबले. मीही श्वास धरला. खेचरानेसुद्धा. तुझं पत्र इग्नाझच्या आतल्या खिशात, हात घालायचा अवकाश.

इग्नाझ उठला. हात खिशात घातला नाही. म्हणाला, "वारस आहे. लांब आहे, एवढंच. त्याची पाळी कुणी घ्यायची नाही आणि ही चूल विझू द्यायची नाही. आठवड्याआठवड्याने पेटवू. पहिला आठवडा माझा."

"आणि पाटाचं काम? या घराच्या वाट्याचं?"

इग्नाझने चीजाचा आणखी एक तुकडा तोंडात टाकला. जोसेफानेच नाक ओढत सांगितलं, "ते तर हा मोरित्स गेल्यापासून करतोय. आपलं झालं की यांचं. खूणसुद्धा यांचीच कोरतो, वेडा. मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे."

मला माहीत नव्हतं.

मग माझ्याने राहवेना. खिडकीतून डोकं घातलं आणि विचारलं, "माझ्यासाठी ठेवलंय का थोडं?"

काय सांगू! पाद्रीबाबांनी क्रूसाची खूण केली ती उलटी. जोसेफाच्या हातून ताटली पडली. पाटकरी पलंगामागे. एकट्या इग्नाझने मला नीट पाहिलं, पायापासून नाकापर्यंत, आणि मग म्हणाला, "उशीर केलात काकी. सालच उरलीय."

साल चाखली मी. थोडी खारट. लग्नाच्या धांदलीत हात सैल पडला असणार. पण पोत अप्रतिम. पाद्रीबाबांना म्हटलं, झालेला मिसा पुढच्यासाठी धरा. ते म्हणाले, असा नियम नाही. म्हटलं, बहिणीला विचारा, ती सगळे नियम पाळून लिहिते.

सगळे गेले, इग्नाझ मागे राहिला. घर गारठलेलं. चूल पेटवायला वाकला, लाकडं रचली, चकमक काढली, आणि इकडे तिकडे बघायला लागला. "काकी, पेटवायला कागद आहे का?"

"माझ्या घरात कागद? मला वाचता येतं का?"

त्याने आतल्या खिशात हात घातला.

चांगलं पेटलं. तुझ्या अक्षरात शाई भरपूर होती.

मी त्याला खुंटीबद्दल विचारलं नाही. विचारणारही नाही. लपवली असेल तर फेडतोय, नसेल लपवली तर भला माणूस आहे. तुळई दोन्हीकडून मजबूत आहे, मी उभी राहून आले तिच्यावर. तू विचारायचं असेल तर येऊन विचार, मी मधे पडणार नाही.

तुझं पत्र जळालं. तरी हक्क सोडायचाच असेल तर पुन्हा लिहावं लागेल. मोकळा आहेस. घाई मात्र करू नकोस.

तुझी आजी, मेलेली आणि परत आलेली

&nbsp;

ग्रुबमाट
३० सप्टेंबर १८९४

थिओडूल,

काल सभा झाली. मी सकाळपासून दोन वेळा केस विंचरले.

गायी उतरल्या, चीजाची वाटणी झाली, मग सगळे चर्चच्या पायऱ्यांवर. पाटकऱ्याने विचारलं, "अध्यक्ष, बाहेरून काही पत्र?" गावात कुणाला काही माहीत नव्हतं, तो दरवर्षी विचारतो. तुझं दुसरं पत्र इग्नाझकडे आलं असेल का, हे मी विचारलं नव्हतं. धीर झाला नव्हता.

इग्नाझने सगळे खिसे चाचपले, अगदी सावकाश, मेला. मग म्हणाला, "नाही. काही नाही."

मी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की पुढच्या रांगेतली जोसेफा वळून म्हणाली, "काकी, पुन्हा मरताय की काय?"

घरी येऊन झोपले ती सूर्य वर आल्यावर उठले. कित्येक वर्षांत अशी झोप नाही. हातोडासुद्धा ऐकू आला नाही.

खालच्या गावाचा माणूसही आला होता, एकत्र व्हा म्हणून सांगायला. मी बोलायला उठले तर तो बसला.

तुझी आजी

&nbsp;

ग्रुबमाट
१६ डिसेंबर १८९४

थिओडूल,

तुझं पत्र आलं, आणि या वेळी मला आलं. व्हेरोनिकाने तीन वेळा वाचून दाखवलं, चौथ्यांदा मी पाठ म्हटलं. लहान होतं म्हणून जमलं. 'तुळई लार्चचीच का? पाचरी कुठल्या बाजूने ठोकल्या आहेत? वरून ठोकल्या असतील तर दहा वर्षांत सैल होतील, इग्नाझला सांग.' एवढंच. माझी तब्येत कशी, हेसुद्धा नाही. आणि मागच्या बाजूला, जणू विसरलेलं आठवलं म्हणून, की तुला मुलगी आहे, पाच वर्षांची, तिचं नाव क्रेसेन्झ!

पाच वर्षं? आणि हे सांगायचं विसरलास?

इग्नाझला निरोप दिला. त्याने टोपी मागे सारली, मग म्हणाला, "खालून ठोकल्यात. त्याला लिहा, मोरित्सनेच शिकवलं होतं." मग जरा पुढे जाऊन वळला. "आणि लिहा, पाहायचं असेल तर वसंतात काम निघतं." हे तसंच्या तसं लिही, व्हेरोनिका, सुधारू नकोस.

हक्क सोडणारा माणूस पाचरीची चौकशी करत नाही. एवढं मला कळतं. अजून कधी येणार ते मी विचारत नाही. चूल पेटलेली आहे. मी नसले तरी कुणाचा आठवडा कधी, हे आता ठरलेलं आहे, म्हणून मला कसलीच काळजी उरली नाही. एक सोडून.

मरायला माझ्याकडे चीज नाही. तळघरात माझी जागा रिकामी, शेजारी तुझा तो दगड. जोसेफा म्हणते, माझ्यातलं अर्धं घ्या. तिचं चीज! त्यापेक्षा मी जगते.

तेव्हा काय पाठवायचं ते नीट ऐक. डब्यातलं मांस नको. ते कडू पाल्याचं पाणी नको, जे तुम्ही नळीने पिता. मला चाकासारखं एक गोल चीज पाठव, तुझ्या स्वतःच्या गायीचं, तुझ्या हाताने दाबलेलं. कडेला कावळ्याचा पाय कोर, छोटीलाही एक बोट कोरू दे. मीठ बेताने. टपालाने टाकू नकोस, वाटेत खातील. स्वतः घेऊन ये. तुझा तुकडा मी पाठवणार नाही, तो इथे बसून खायचाय, दात शाबूत असतील तोवर.

आणि कच्चं असलं तरी चालेल. नीट पिकायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. मी थांबते.

तुझी आजी
क्रेसेन्झ (थोरली)